तिचीच वाटी

खिरीची वाटी घरमालकिणीनं सांडशीनं उचलली. माझ्या आईच्या डोळ्यांदेखत. तशीच परसात गेली आणि खिरीसकट उकिरड्यावर फेकली. वाटी तिचीच होती.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनंच त्या वाटीतून आम्हाला आमरस पाठवला होता. आलेली वाटी रिकामी परत करू नये, ही आईची जन्माची शिस्त. बुद्धपौर्णिमेला तिनं खीर केली, वाटी काठोकाठ भरली आणि घेऊन गेली. मालकिणीनं विचारलं, आज कशाची खीर? आईनं खरं ते सांगितलं. आई तळेगावाहून नुकतीच माझ्याकडे आलेली. तिला वाटलं, सणाचं गोड सगळ्यांना गोडच लागतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वर्ध्याला दवाखान्यात नर्स होते. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळत नाही. म्हणून तर ती खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो मी ट्रंकेत ठेवला होता, साड्यांखाली. आई रोज विचारायची, भिंतीवर का लावत नाहीस? मी म्हणायचे, मालकिणीला भिंतीत खिळा चालत नाही.

त्या दिवशी ड्यूटीवरून आले तर सामान उन्हात. मालकीण दारात.

"आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाई."

"असं आपल्या तोंडानं सांगा लागते. आता पूरं घर धुवा लागन मले."

मी सामान गोळा करायला लागले. आई मात्र उकिरड्याकडे गेली, वाटी उचलली, पदरानं पुसली आणि पिशवीत टाकली. मी तिच्यावरच ओरडले. ती म्हणाली, "वाटीनं काय केलं?"

मग खोलीसाठी वणवण. ट्रंक एका मैत्रिणीच्या पडवीत, आई दवाखान्याच्या व्हरांड्यात, पेशंटच्या नातेवाइकांत. खोली आहे म्हणायचे, चहासुद्धा द्यायचे. मग हळूच, "तुमच्यात कोण?" उत्तर दिलं की कुणाचा तरी पुतण्या शिकायला येणार असायचा. इतके पुतणे वर्ध्यात कुठून आले, देव जाणे. जिथं विचारत नव्हते तिथला किराया पगाराला झेपत नव्हता. ड्रेसिंग रूमचं दार लावून मी रडायचे. इंजेक्शन द्यायला यांना माझे हात चालतात. राग यायचा, आणि त्या रागाचं काय करावं ते कळायचं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी कर्ज काढून वर्ध्याजवळ नालवाडीला दोन खोल्या बांधल्या. मागची आमची, समोरची किरायानं द्यायची. किराया आला तर हप्ता जाणार, नाही तर घर जाणार. समोरच्या खोलीत जायची वाट आमच्या ओसरीवरून. ओसरीवर आईनं स्वतः खिळा ठोकला आणि फोटो लावला.

दलालानं खोली पाहिली, फोटोही पाहिला. चांगला माणूस होता, भल्याचंच सांगत होता. "सिस्टर, फोटो मागच्या खोलीत लावा. किरायदार लवकर भेटन."

बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला होता. आई माझ्याकडे बघत होती.

"फोटो तिथंच राहीन," मी म्हटलं.

हिवाळाभर खोली रिकामी. पोटाला चिमटा काढून, जादा ड्यूट्या करून हप्ता भरला. पुन्हा बुद्धपौर्णिमा आली, त्याच दिवशी एक जोडपं खोली बघायला आलं. खोली आवडली. बाहेर येताना नवऱ्याची नजर भिंतीवर गेली आणि तो किरायाचं बोलायचा थांबला. आईनं खीर आणली. तीच वाटी. बायकोनं हात पुढं केला. नवरा म्हणाला, आत्ताच जेवून आलो, आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला.

आई वाटी धरून उभीच राहिली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि फोटोखालच्या फळीवर ठेवली. या खोलीत जो राहायला येईल, तो आधी या वाटीतलं खाईल. मग किरायाचं बोलू. कुणी आलं नाही तर बँकेनं घर न्यावं. मी पुन्हा उन्हात उभी राहीन, पण फोटो ट्रंकेत जाणार नाही.