बापाचं टोक

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण वाचता येतं, अन् सही मी अंगठ्यानं करत न्हाई.

आमच्या घरात सून सासऱ्याशी सरळ बोलत न्हाई. मी दारात खाकरतो, ती पदर घेते. तिला काही पाहिजे असलं तर ती माझ्या बायकोला सांगते, बायको मला सांगते, अन् माझं उत्तर त्याच वाटेनं परत जातं. माझ्या आईच्या वेळेपासून असंच चालत आलं. सून जालन्याला कम्प्यूटर शिकलेली, पण ही रीत तिनं मोडली न्हाई, हे सांगायला पाहिजे.

त्या उन्हाळ्यात अंबडच्या एका कॉलेजातून तिला फोन आल्ता. कम्प्यूटर शिकवायला बाई पाहिजे होती. एक दिवस येऊन पोरांसमोर शिकवून दाखवा, पसंत पडलं तर ठेवून घेऊ, म्हणले. पोरं खेड्यातली, तव्हा मराठीत समजून सांगा, असंबी म्हणले. मुलगा म्हणला, दादा म्हणतील तसं. दादा म्हणजे मी. बायकोनं मला विचारलं. मी म्हणलं, "बघू."

काही दिवसांनी तिनं परत विचारलं. मी परत "बघू" म्हणलं. घाई करणाऱ्याचं अन् माझं पहिल्यापासून जमत न्हाई. असं करता करता शिकवून दाखवायची तारीख उद्यावर आली.

दुपारी मी ओट्यावर बाजेवर पडलो होतो. पत्र्याच्या पलीकडून सुनेचा आवाज आला. मोठ्यानं, एकटीच बोलून राह्यली होती.

"बाप बोलतो, लेकरू ऐकतं. दोघांच्या मधी एक नळी हाय. ह्या टोकातून बापानं टाकायचं, त्या टोकातून लेकरानं घ्यायचं. लेकराला उलटं बोलायचं असलं तर ह्याच नळीतून जमत न्हाई. त्याला दुसरी नळी लागते."

मी उठून बसलो.

"अन् बापानं आपलं टोक बंद केलं न्हाई, तर लेकरू वाट बघत बसतं. त्याला वाटतं, बाप अजून काहीतरी बोलणार हाय. मंग त्याला उठता बी येत न्हाई अन् दुसरं काम बी करता येत न्हाई."

मी बायकोला हाक मारली. "तुझी सून पत्र्याआडून मला बोलून राह्यली."

"काय बोलली?"

"बाप तोंड बंद करत न्हाई म्हणे!"

बायको आत गेली अन् हसतच बाहेर आली. "तोंड न्हाई, टोक. कम्प्यूटरमधले बाप-लेकरू हैत ते. एक काम चालू असलं की त्याच्या पोटी दुसरं काम निघतं. पहिलं बाप, दुसरं लेकरू. उद्याचं पाठ करती ती. जगात तुम्ही एकटेच बाप हैत का?"

"मंग विचार तिला. बाप गप बसला तर लेकरू उठत का न्हाई?"

बायको गेली, आली. "म्हणती, गप बसणं येगळं अन् बोलणं संपणं येगळं. टोक बंद झालं तरच..." पुढचं विसरली. परत गेली. ह्या खेपेला येऊन कमरेवर हात ठेवून दारातच उभी राह्यली. "मी काय नळी हाय का तुमची? गुडघे गेले माझे. तुमचं तुम्ही विचारा." अन् चप्पल घालून शेजारी निघून गेली.

मी खाकरलो. आत बांगड्या वाजल्या.

"लेकरू उठत का न्हाई?" मी विचारलं.

पावलं दाराजवळ आली. मंग दाराआडून आवाज आला. "मामा, नुसतं गप बसल्यानं त्याला कळत न्हाई. बाप हो म्हणला तरी चालतं, न्हाई म्हणला तरी चालतं. पण टोक उघडं ठेवून बसला तर ते तसंच लटकतं."

हे कम्प्यूटरचं होतं का माझं, ते मी विचारलं न्हाई. मी म्हणलं, "सगळं बापावरच का? लेकराच्या हातात काहीच न्हाई?"

"हाय की. बापापासून निघताना बोलायच्या टोकाची एक नक्कल लेकराकडं बी येते. ती त्यानं आधी बंद करायची असते. न्हाईतर बाप निघून गेला तरी ते सोताचीच वाट बघत बसतं. नवे शिकणारे इथंच चुकतात."

"बघ! म्हणजे चूक लेकराची बी हाय. आधी सोताचं टोक बंद करावं, मंग बापाचं नाव घ्यावं."

"बिलकुल बराबर हाय, मामा." ती पुढं म्हणली. "मंग मी माझं टोक बंद करते, वाट बघणं संपवते. उद्या सकाळच्या गाडीनं अंबडला जाते."

म्हणणं माझंच होतं, अन् माझं म्हणणं मी फिरवत न्हाई. संध्याकाळी मुलानं विचारलं, "दादा, काय ठरलं?" मी म्हणलं, "ते तिला विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून मी तिच्या आधीच फाट्यावर गेलो. तिथं एकट्या बाईनं हात केला तर गाडी थांबेलच असं न्हाई. एसटी दिसली तसा मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले. "बाबा, मरायचं हाय का?" ड्रायव्हर ओरडला. मागून आलेली सून गाडीत चढली. मी कंडक्टरला म्हणलं, "माझी सून हाय. कॉलेजात शिकवायला चालली. जागा करून द्या तिला." अन् मंग रस्त्यातून बाजूला झालो.