बाझोफ्त नदीवरचा खुदाकरम

माझा भाऊ खुदाकरम एका जागी बसेल तर शपथ! आम्ही इराणातले बख्तियारी, भटके मेंढपाळ; मेंढरांमागे वर्षातून दोनदा डोंगर ओलांडतो. हा बारा महिने हिंडायचा. बाझोफ्त नदीच्या काठाकाठाने पार बर्फापर्यंत चढायचा, पाण्यात हात घालून तासन्‌तास बसायचा आणि वसंतात खाली येऊन तांड्यांना पलीकडे न्यायचा. बकऱ्यांच्या कातड्याच्या पखाली फुगवायच्या, वर काठ्या बांधायच्या, झाला तराफा. तो हाकावा तर खुदाकरमनेच. "ही बया चावते," म्हणायचा, "पण आधी गुरगुरते." मला त्या नदीची कायम भीतीच वाटली.

त्या वर्षी तो उशिरा आला. मेंढरं उपाशी, पाणी चढत चाललेलं, आणि हे महाराज वर बर्फ फुटताना बघत बसले होते! माझा नवरा चरागअली आधीच तापट.

"आलात का मेव्हणे? नदीशी लग्न लावून आलात?"

"दाजी, आज पाणी खवळलंय. उद्या नेतो सगळ्यांना."

"खड्ड्यात गेलास तू आणि तुझा उद्या! मीच नेतो."

खुदाकरमने तराफ्याचा दोर धरला. चरागअलीने सोटा फिरवला तो थेट तोंडावर. पुढचे दात बायकापोरांदेखत वाळूत पडले. माझा भाऊ रक्त थुंकत उठला आणि निघून गेला. मला वाटलं, चला, मिटलं.

कसलं मिटलं! आम्ही ताक-भाकरी खात होतो तेवढ्यात त्याने आरीने पखाली टोचल्या. पहिली खेप नेहमी सामानाची असते. गालिचे भिजावेत, पीठ बुडावं, दाजीची फजिती व्हावी, एवढंच त्याच्या डोक्यात. पण पाणी चढतंय म्हणून चरागअलीने आधी मला, माझ्या तान्हीला आणि सासूबाईंना बसवलं आणि स्वतः वल्हं घेतलं.

मध्यावर पखाली फुसफुसायला लागल्या. मागे बघते तर खुदाकरम खडकावरून दोन्ही हात हलवत ओरडतोय, आणि मग त्याने उडीच घेतली. तराफा कलला. सासूबाई माझ्या हातातून सुटल्या. लाटेने त्यांना कपारीवर आपटलं, डोकं फुटलं, आणि पाण्याने त्यांना नेलं. भावाने पोहत येऊन एका पखालीचं भोक आपल्या फुटक्या तोंडाने दाबून धरलं आणि आम्हाला पलीकडे ओढत नेलं.

काठावर चरागअलीने रडत त्याला मिठी मारली. "तू नसतास तर माझी पोर गेली असती रे!"

"दाजी," खुदाकरम म्हणाला, "पखाली मीच टोचल्या."

का बोललास रे मेल्या! चरागअलीने त्याला वल्हं मोडेपर्यंत मारलं. डावा हात कोपरापासून लोंबायला लागला, तरी त्याने प्रतिकार केला नाही. मी मध्ये पडले, तर मलाही एक बसला.

आम्ही निघालो त्या काठावर म्हातारे सासरे आणि लेकरं अजून अडकलेली होती. पाणी तंबूंना लागलं होतं. चरागअलीने पाठीवरची बंदूक हातात घेतली.

"ऊठ. सगळ्यांना आण. मग बघतो तुला."

खुदाकरमने उरलेल्या दाढांत दोरा धरून पखाली शिवल्या, फुगवल्या. एका हाताने खेपा केल्या, आणि प्रत्येक खेपेला दाजी मागे बंदूक रोखून बसलेला. लेकरं आली, सासरे आले. शेवटी सामान घेऊन दोघंच आले. काठाजवळच्या भोवऱ्यात चरागअलीने चाप ओढायला बोट नेलं.

"थांबा दाजी," भाऊ म्हणाला. "आधी उतरा. इथून तुम्हाला एकट्याला नाही जमायचं."

त्याने तराफा खडकाला टेकवला, धड हात पुढे केला. चरागअली तो हात धरून उतरला. मग वळून त्याने गोळी घातली.

मी ओरडत पाण्यात धावले, बायकांनी मला धरलं. तराफा फिरत फिरत खाली गेला.

आजही मी त्याच माणसाला जेवायला वाढते. आईसाठी त्याने जीव घेतला, हे मी समजू शकते. पण हात धरून उतरला आणि मग घेतला, हे मला आजवर समजलं नाही. विचारायची माझी हिंमतही झाली नाही.