नणंदेने आणलेली तीन पुस्तकं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी माझी नणंद अंधेरीच्या ऑफिसातून तीन इंग्रजी पुस्तकं घेऊन आली आणि आमच्या नाहूरच्या स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवून म्हणाली, "वहिनी, ही तू वाचायची."

"का? तुमच्या ऑफिसातल्या माणसांना वाचता येत नाही?"

तिचं लग्न व्हायचं होतं, ती आमच्याकडेच राहायची आणि कॉम्प्युटरच्या एका कंपनीत नोकरी करायची. तिथे लिस्प नावाच्या भाषेत काम सुरू होणार होतं आणि ती भाषा तिथे कुणालाच येत नव्हती. दुकानदाराने तीन पुस्तकं नुसती पाहायला दिली होती. त्यातलं एक ठरव, त्याच्याच प्रती मागवू आणि सगळे त्यावरूनच शिकतील, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. तिची पंचाईत अशी की तिला दुसऱ्या दोन कॉम्प्युटरच्या भाषा आधीच येत होत्या.

"मला कळतंय ते पुस्तक चांगलं म्हणून, की आधीचं माहीत आहे म्हणून, हेच समजत नाही," ती म्हणाली. "तू गणितात बी.एस्सी. आहेस आणि कॉम्प्युटर फक्त फोटोत बघितलायस. एकदम झकास. आणि हे बघ, अडलीस तर चूक पुस्तकाची. तुझी नाही."

असं वाक्य मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. शाळेत, कॉलेजात आणि सासरी, अडलं की चूक माझीच असायची.

मी लगेच हो म्हटलं. त्याचं खरं कारण तिला सांगितलं नाही. गणित सुटून बरीच वर्षं झाली होती. मुलाच्या भागाकारापलीकडे डोकं चालवायची वेळच येत नव्हती, आणि हल्ली मला भीती वाटायची की आता ते चालतच नसेल. भीती म्हणजे खरीखुरी भीती, रात्री झोप न लागण्याइतकी. पुस्तकांच्या परीक्षेच्या आडून मला माझी परीक्षा घ्यायची होती.

पुस्तकं परत द्यायची असल्याने त्यांत काही लिहायचं नव्हतं. नणंद ऑफिसातून टाकाऊ कागद आणायची, हिरव्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. त्याच्या पट्ट्या फाडून मी अडेन तिथे ठेवायला लागले.

पहिलं पुस्तक सगळ्यांत जाड होतं. त्याच्या लेखकाला 'अर्थातच' हा शब्द फार प्रिय होता. अर्थातच असं होतं, उघडच आहे की तसं होतं. अहो, उघड असतं तर मी तुमचं पुस्तक कशाला उघडलं असतं? नवशिक्याला शिकवताना 'उघड आहे' म्हणणारा माणूस शिकवत नसतो, आपल्याला किती येतं ते सांगत असतो. दोन प्रकरणांत त्या पुस्तकाला इतक्या हिरव्या शेपट्या फुटल्या की सासूबाईंनी विचारलं, "ह्या काय, पतंग?"

दुसरं पुस्तक मला भयंकर आवडलं. त्यात चित्रं होती, लेखकाच्या कुत्र्याच्या गमती होत्या. मी भराभर वाचत सुटले, एकदाही अडले नाही. नणंदेला म्हटलं, "हेच घ्या. डोळे मिटून घ्या."

ती म्हणाली, "बरं. आता ते मीट आणि यादीत किती वस्तू आहेत ते मोजून देणारं काहीतरी लिही."

मी कागद घेऊन बसले. कुत्रा आठवला, त्याचं नावसुद्धा आठवलं. लिहिता मात्र एक ओळ येईना. शेजारणीला पुरणपोळी लाटताना बघून आपल्यालाही येते असं वाटावं, तसं माझं झालं होतं. मी इतकी हिरमुसले की त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं राहिलं. नणंदेला मात्र आनंद झाला. "तू अडली नाहीस आणि तुला आलंही नाही. हे कळणं फार महत्त्वाचं होतं," असं म्हणून तिने ते पुस्तक बाजूला टाकलं. तिचं काम पुढे सरकलं होतं. माझी भीती मात्र तिथेच होती.

तिसरं पुस्तक राखाडी रंगाचं आणि रुक्ष होतं. थोडंसं सांगायचं की लगेच 'आता तुम्ही करा'. लिहायचं ते सगळं कंसात, आणि उघडलेला प्रत्येक कंस मिटायचा. त्यातली मुख्य गोष्ट फक्त एवढीच होती, की यादी म्हणजे पहिली वस्तू आणि बाकीची यादी. यादी मोजायची तर रिकामी असेल तेव्हा शून्य, नाहीतर एक अधिक बाकीच्या यादीची मोजणी. बस्स. मी त्या वेळी बिरड्यासाठी वाल सोलत होते. ताटात वाल नसतील तर काम संपलं, असतील तर एक सोल आणि उरलेल्यांचं तेच कर. मला हसूच आलं. इतकी वर्षं मी हे करत होते आणि याला नाव आहे हे माहीत नव्हतं.

पुढच्या प्रकरणात नाती होती. आई विचारली की आई मिळते, भाऊ विचारले की भावांची यादी मिळते. हे एकात एक घालून 'अंकल' तयार करा, असं उदाहरण होतं. मी मामा लिहिला, म्हणजे आईचे भाऊ. मग काका लिहिला, वडिलांचे भाऊ. वर आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमानही लिहिले. मागे उत्तर पाहिलं तर एकच ओळ. आईवडिलांचे भाऊ, झालं. माझं चुकलं असं वाटून मी चिडले, पट्टी ठेवली, पुन्हा उत्तर वाचलं, पुन्हा चिडले. सासूबाईंना म्हटलं, "यांच्यात मामा आणि काका एकच."

"एकच?" त्या त्यांच्या मालवणीत म्हणाल्या. "मगे लग्नात पोरीच्या पाठी कोण रवतलो?" लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहतो तो मामाच, काका नव्हे.

भाजी चिरतानाही तेच डोक्यात होतं. आणि चिरता चिरताच लक्षात आलं, की माझी काकांची यादी आणि मामांची यादी जोडली की त्यांचा अंकल तयार होतो. त्यांचं माझ्यातून निघत होतं, माझं त्यांच्यातून निघत नव्हतं. मग मी मामी लिहिली, मावसभाऊ लिहिला, चुलतसासरे लिहिले. मला थांबवेना.

संध्याकाळी नणंदेने ते कागद पाहिले आणि ती म्हणाली, "हेच पुस्तक. ज्याच्याशी तू भांडलीस तेच."

"अगं, पण मला आलं ना?"

"आलंच. म्हणून तर पुस्तक चांगलं."

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. "म्हणजे अडले तर पुस्तकाची चूक आणि आलं तरी पुस्तकाचंच कौतुक? मग मी कुठे आहे यात?"

मला रडू येत होतं, आणि तव्यावरची पोळी करपत होती.

सकाळी निघताना तिने एक कागद ओट्यावर ठेवला. "हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी केलंय. पुस्तकं मी घेऊन जातेय, बघायला मिळणार नाहीत." उदाहरण असं होतं, की एका यादीत वस्तू आहेत, पण काही ठिकाणी वस्तूऐवजी आणखी एक यादी आहे, तिच्यातही आणखी याद्या असू शकतात. कितीही आत गेलं तरी सगळ्या मिळून वस्तू किती, ते सांगायचं.

दोन दिवस मी घरात होते आणि नव्हतेही. दूध उतू गेलं. आमचे हे म्हणाले, "हिची तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना सुचलं. पहिलीच वस्तू जर यादी निघाली, तर तिलाही तोच प्रश्न विचारायचा, उरलेल्यांनाही विचारायचा आणि दोन्ही उत्तरांची बेरीज करायची. मी ओली चादर बादलीत तशीच टाकली आणि लिहायला धावले. नणंदेच्या हातात कागद दिला तेव्हा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी धडधडायचं तसं धडधडत होतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "वहिनी, तुझं लिहिलेलं घातलं आणि मशीन गप्पच बसलं. मला वाटलं, वाट लागली, बंद पडलं. मग लक्षात आलं, तुझा शेवटचा एक कंस राहिलाय. तो मिटेपर्यंत ते नुसतं वाट बघत राहतं. मी कंस घातला आणि उत्तर बरोब्बर आलं."

माझं उत्तर बरोबर होतं. आणि कंस मी विसरले होते, दुसऱ्या कुणी नाही. मला एकाच वेळी इतका आनंद आणि इतका राग आला, की आनंदाचं नंतर बघू असं ठरवून मी रागच आधी काढला.

"तू कशाला घातलास?"

"अगं, एक कंस तर होता."

"माझा होता ना? बघू द्यायची होती त्याला वाट. मी आले असते."

ती चप्पल काढून खाली बसली.

"सकाळी आठला निघते मी," ती म्हणाली. "डबा दोघींचा कर."