बर्फगाडीला मुमताज

मस्कतला बर्फ पडत नाही. जबल शम्सच्या माथ्यावर दोन-चार वर्षांतून एखादी पहाट पांढरी उजाडते, तेव्हा लोक तिचा फोटो एकमेकांना असा पाठवतात, जणू घरात पाळणा हलला. तरीही दोन हजार सतराच्या नोव्हेंबरात गाला इंडस्ट्रियलमधल्या एका गॅरेजपुढे ट्रेलरवरून जे लाकडी खोकं उतरलं, त्यात बर्फावर चालायची गाडी होती. कॅनडाहून आलेली. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, मधे टर्बो बसवून चढवलेलं इंजिन आणि चाक म्हणाल तर एकही नाही.

हुसैनमियाँ सोलकरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. त्यांचं गाव श्रीवर्धनजवळ, खाडीकाठी. वडील मचव्यावर तांडेल होते. चाक नसलेली वस्तू पाहिली की त्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

"ही होडी हाय," ते म्हणाले.

"होडी नाही चाचा, स्नोमोबिल," लोकेश गजभिये म्हणाला. लोकेश मूळ नागपूरचा, राहायला अल हैलला. नोकरी एका कंपनीत इंजिनीअरची आणि हौस म्हणून लॅपटॉप जोडून लोकांच्या गाड्यांची इंजिनं ट्यून करून द्यायचा. त्याच्या लॅपटॉपवर हुसैनमियाँचा विश्वास होता. जेवढा शेजाऱ्याच्या कुत्र्यावर असावा तेवढा.

गाडी मजीदची. मजीद गॅरेजचा अर्बाब, म्हणजे मालक, पण हे अर्बाबपण त्याला वडिलांकडून आलं होतं आणि वडिलांकडूनच हुसैनमियाँही आले होते, एकतीस वर्षांपूर्वी. दर शुक्रवारी बिदियाच्या वाळूत एका उंच टेकाडावर जीपगाड्या चढवायची चढाओढ लागते. पायथ्याशी चटया टाकून लोक कडक चहा पीत बसतात आणि अर्ध्यातून परत येणाऱ्याला मनापासून सहानुभूती दाखवतात. मजीद सलग तीन हिवाळे ही सहानुभूती घेऊन घरी आला होता. यंदा त्याने ठरवलं, की वाळू म्हणजे तरी काय, गरम बर्फच.

हा युक्तिवाद हुसैनमियाँनी खोडला नाही. ही गाडी पट्ट्याने उडणाऱ्या बर्फावर स्वतःला थंड ठेवते हे कळल्यावर त्यांनी निमूटपणे एका जुन्या पिकअपचा रेडिएटर तिच्या नाकावर बसवला, दोन पंखे लावले, आणि ती होडी आता चष्मा लावलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसू लागली.

गाला भागात हुसैनमियाँची ख्याती हातापेक्षा कानाची. बॉनेट न उघडता, गाडी वळणावरून आत येतानाच ते सांगत, की तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बसत नाही. लोक दुसऱ्या गॅरेजमधून गाडी नुसती ऐकवायला आणत. या ख्यातीत एकच अडचण होती. डावा कान तीन वर्षांपूर्वी गेला होता आणि उजवाही आताशा गर्दीत गांगरायचा. एकट्या इंजिनाचं त्याला कळे. चार आवाज एकत्र झाले की तो हात वर करी. हे फक्त बायकोला, गुलबानूला, माहीत होतं. तिलाही सांगितलं कुणी नव्हतं. डाव्या बाजूने तिने सहा महिने जे जे मागितलं त्याला नकार आला नाही आणि वस्तूही आली नाही, यावरून तिने ते ताडलं होतं.

पहिला शुक्रवार. मजीदने येताना वाटेतल्या पंपावर टाकी भरली होती आणि तो खूश होता. टाकीच्या झाकणाशेजारी कंपनीचं स्टिकर होतं: पेट्रोल, कमीत कमी एक्क्याण्णव. आणि ओमानात नुकतंच जुनं नव्वद जाऊन साधं पेट्रोल एक्क्याण्णवचं झालेलं. लोक त्याला अजून 'आदी'च म्हणत, म्हणजे साधं. आणि पंच्याण्णवच्या महागड्याला 'मुमताज', म्हणजे उत्तम. पंपावर एक्क्याण्णव, स्टिकरवर एक्क्याण्णव. मजीदला तो शुभशकुन वाटला. लोकेशने तर आकडा आकड्याशी ताडून अंगठा वर केला.

गाडी सुटली. दोन तृतीयांश टेकाड तिने असं खाल्लं, की चटयांवरचे लोक चहा विसरले. मग ती एकदम मवाळ झाली, खोकली आणि थांबली. लोकांना चहा आठवला.

खाली आणल्यावर हुसैनमियाँनी प्लग काढला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरीच्या भुकटीसारखे ठिपके आणि त्यांत एक-दोन चंदेरी. चंदेरी ठिपका म्हणजे पिस्टनचा कण. इंधन वेळेआधी पेटतं, आतून हातोडी मारतं, आणि पिस्टन कणाकणाने संपतो. बाहेरून एवढीच टकटक ऐकू येते, ऐकू आली तर.

"पेट्रोल हलकं पडतंय. मुमताज टाका," ते म्हणाले.

"चाचा, स्टिकरवर एक्क्याण्णव छापलंय. टाकलंय एक्क्याण्णव. आता कंपनीपेक्षा जास्त कळतं का आपल्याला?" लोकेश म्हणाला. "ठिपके जुने पण असतील. लॅपटॉपवर तर काहीच नाही."

मजीद दोघांकडे पाहत होता. त्याचं हिंदी मत्रहच्या बाजारात लहानपणापासून मुरलेलं. "हुसैनभाय, ये प्लग-व्लग छोडो. तुमने टकटक सुना? तुम बोलो सुना, तो खलास, मैं मान लेगा. नहीं सुना, तो गाडी दुबई जाएगा, बडा कॉम्प्युटरवाला दुकान में."

प्रश्न सोपा होता. 'हो' म्हटलं असतं तर सगळे तंबूत जेवायला गेले असते. एकतीस वर्षांत त्यांनी ऐकलं नाही ते ऐकलं म्हणून कधी सांगितलं नव्हतं. ख्याती त्याच्यावरच उभी होती. आणि 'नाही' म्हटलं तर त्यांना पुढचं सगळं दिसत होतं: आज ही गाडी दुबईला जाईल, उद्या बाकीच्या जातील, परवा एक केक येईल, हार येईल, मुंबईचं तिकीट येईल.

"पुढल्या शुक्रवारी सांगतो," ते म्हणाले. "इन्शाल्ला."

"सुना के नहीं सुना, इसमें इन्शाल्ला किधर से आया?" मजीद म्हणाला. पण आठवडा दिला.

मंगळवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा गुलबानू पलंगावर तोंड वळवून बसली होती. शेजारी ओमानी हलव्याचा डबा, झाकण लावलेला. ही बाब गंभीर होती, कारण गेले पंधरा दिवस त्या डब्याला झाकण माहीत नव्हतं.

झालं होतं असं. गावाला असताना श्रीवर्धनच्या लॅबमध्ये गुलबानूची साखर एकशे बासष्ट निघाली होती. इथे आल्यावर दवाखान्यात तपासली, तर कागदावर आली नऊ. एकशे बासष्टवरून नऊ. तिने गावी सात घरी फोन केले, दोन रकात नमाज जास्तीची पढली आणि नवऱ्याला हलवा आणायला पाठवलं. आज पुन्हा दाखवायला गेली, तेव्हा मल्याळी नर्सने तिला समजावलं, की इथलं माप वेगळं. इथले नऊ म्हणजे तिथले एकशे बासष्टच. जराही इकडे-तिकडे नाही.

"तेवढीच होती," गुलबानू म्हणाली. "आकडा नऊ, नि साखर तेवढीच. आता तर वर गेली."

"मी तवाच म्हटलेलं..."

"काय म्हटलेलं? तुमी डबा आणलात! नि आज सकाळी सांगितलं, प्रेशरच्या गोळ्या आणा, तर नुसती मान डोलावलीत. इंजिनाचं ऐकू येतं, बायकोचं नाय. अवो, तो कान तरी दाखवा कुणाला!"

हुसैनमियाँचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. या वेळी ती उजव्या बाजूने बोलत होती, त्यामुळे सबब नव्हती. पण ते कागदाकडे पाहत होते.

"म्हंजे आकड्याचा काय दोष नाय," ते सावकाश म्हणाले. "माप कुणाचं ते बघायला होवं."

"पंधरा दिसांनी सुचलं!"

त्यांनी लोकेशला फोन लावला. "इंजिनेरा, त्या स्टिकरावरच्या एक्क्याण्णवाचं माप कुठलं?"

"माप? ऑक्टेनचं. एक्क्याण्णव म्हणजे एक्क्याण्णव, चाचा."

"तसंच नऊ म्हंजे नऊ म्हणून माझ्या घरात दोन किलो हलवा संपला. कॅनडावाले कसं मोजतात, तेवढं बघ."

पलीकडे बराच वेळ बटणांची टकटक. ती मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आली.

"चाचा," लोकेशचा आवाज आला. त्यातली पदवी थोडी उतरली होती. "ते लोक दोन वेगवेगळ्या चाचण्या घेतात आणि त्यांची सरासरी छापतात. आपल्याकडे एकच चाचणी, जिचा आकडा मोठा येतो ती. म्हणजे त्यांचं एक्क्याण्णव ते आपलं जवळजवळ पंच्याण्णव-शहाण्णव. आणि आपण जे टाकलं ना, ते त्यांच्या हिशोबाने सत्त्याऐंशीच."

"म्हंजे मुमताज."

"मुमताज तर कमीत कमी. त्यात हे ट्यूनिंग थंड डोंगरावरच्या विरळ हवेसाठी केलेलं. इथे हवा जाड आणि तापलेली. मुमताजवरसुद्धा टर्बोचा दाब किती चालेल हे..." तो थांबला. "ते ऐकूनच ठरवावं लागेल."

पुन्हा गाडी कानावरच येऊन अडली. फोन ठेवून ते बसले. समोर गुलबानूचा रक्तदाब मोजायचा जुना संच होता. फुगा, पट्टा आणि दोन कानांत घालायची डॉक्टरी नळी. मुलीने, नूरैनने, नर्सिंग शिकताना घेतलेला. त्यांनी नळी कानांत घातली आणि तिचं टोक टेबलफॅनच्या पाठीला लावलं. बाहेरचं सगळं बंद झालं. गुलबानूचे ओठ हलत होते, पण घरात कमालीची शांतता होती. आणि त्या शांततेत फॅनचं मागचं बुश झिजल्याचं उजव्या कानाला स्वच्छ कळलं.

ते हसले. गुलबानूला वाटलं, आपल्यावर. पण तो प्रश्न वेगळा.

दुसऱ्या शुक्रवारी टाकी रिकामी करून मुमताज भरलं गेलं. हुसैनमियाँनी नळीची चपटी चकती काढून तिथे एसीच्या तांब्याच्या पाइपचा तुकडा जोडला होता. त्याचं दुसरं टोक ठोकून चपटं करून इंजिनाच्या बोल्टखाली आवळलं. मग अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस, डोक्यावर हेल्मेट, कानांत डॉक्टरी नळी, बर्फगाडीवर मजीदच्या मागे बसला. चटयांवर चहाचे पेले अधांतरी थांबले. फोटो निघाले. जबल शम्सच्या बर्फापेक्षा ते जास्त फिरले, असं नंतर कळलं.

"यल्ला!" मजीद ओरडला. हुसैनमियाँना ते ऐकू आलं नाही. त्यांना फक्त इंजिन ऐकू येत होतं. इतकं जवळून, की गेल्या तीन वर्षांत कुणी त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. अर्ध्या टेकाडापर्यंत गळा मोकळा होता. मग चढ उभा झाला, टर्बोने श्वास भरला, आणि त्या भरल्या आवाजाच्या तळाशी आलं: पत्र्याच्या डब्यात दोन वाटाणे टाकून हलवावेत तसं. टक. टक-टक.

त्यांनी मजीदच्या पाठीवर थाप मारली. मजीदने सोडलं. अगदी वरच्या दहा-बारा मीटरांसाठी ते उभं टेकाड हुकलं, आणि मजीदचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"सुना," हुसैनमियाँ म्हणाले. "इस बार सुना. दाब दीड पौंड कमी करो."

"कम करेगा तो ताकत किधर से आएगा?"

"पिस्टन रहेगा तो ताकत आएगा."

लोकेशने वाद न घालता दीड पौंड कमी केलं. मंगळवारनंतर तो वाद जरा जपून घालत होता. पुन्हा दोघे बसले. पुन्हा चढ उभा झाला, पुन्हा टर्बोने श्वास भरला. हुसैनमियाँनी वाटाण्यांची वाट पाहिली. वाटाणे आले नाहीत. आली ती एकदम मोकळी हवा. टेकाड संपलं होतं. पलीकडे वाळूच्या लाटा भरतीच्या समुद्रासारख्या पसरल्या होत्या आणि होडी त्यांच्या माथ्यावर थांबली होती. हुसैनमियाँच्या दृष्टीने, जिथे असायला हवी तिथेच.

खालून हॉर्न वाजत होते. मजीदने त्यांच्या कानातली नळी स्वतःच्या कानात घालून पाहिली, फिरवून पाहिली.

"तीस साल में ये कभी नहीं लगाया. अभी क्यों?"

वर दुसरं कुणी नव्हतं. हुसैनमियाँनी डाव्या कानाला हात लावला. "ये तीन साल से छुट्टी पे है, अर्बाब. दूसरा भी अर्जी लिख रहा है. पिछले शुक्रवार मैंने कुछ नहीं सुना था."

मजीदने नळी हातात गुंडाळली.

"मेरा बाप दस साल कुछ नहीं सुनता था," तो म्हणाला. "और पूरा धंधा चलाया. हमारा मालूम क्या तकलीफ था? वो सुनता नहीं था, फिर भी 'हां, सुना' बोलता था." त्याने नळी परत त्यांच्या गळ्यात घातली. "तुम नहीं बोला. खलास. गाडी गाला में ही रहेगा."

खाली उतरले तेव्हा लोक त्यांना 'दुख्तूर', म्हणजे डॉक्टर, म्हणू लागले होते. पुढच्या पंधरवड्यात गाला भागात तीन गॅरेजांनी डॉक्टरी नळ्या विकत घेतल्या. कान ज्यांचे शाबूत होते त्यांनीही. लोकेशने टाकीवर, कंपनीच्या स्टिकराखाली, स्वतःचं एक स्टिकर लावलं. त्यावर आकडा नव्हता. नुसतं 'मुमताज' लिहिलं होतं, अरबीत आणि मराठीत. मराठीत कशाला, असं मजीदने विचारलं. "इंजिनीअर लोकांसाठी," लोकेश म्हणाला.

घरी नळी परत आली, पण तिला पेट्रोलचा वास राहिला. गुलबानूने ती नाकाशी नेली आणि मुलगी नांदायला पाठवताना जावयाकडे बघावं तसं नवऱ्याकडे बघितलं. मग ती मुद्दाम उठून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. बुधवारी कानाच्या डॉक्टरची वेळ तिने घेऊन ठेवली होती. हे तिने एकदाच सांगितलं, आणि एकदाच पुरलं.

हुसैनमियाँनी स्वतः चहा केला. तिचा कप तिच्यापुढे ठेवला. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. साखरेचा कण नव्हता.

"व्वा," गुलबानू म्हणाली. "गाडीला मुमताज, नि मना आदी?"