कमळाबाईचा डावा डोळा

हरसूलच्या बाजारात रानभाजी विकणाऱ्या कमळाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तेव्हा नाशकात सरकारी आणि खासगी दवाखान्यांची नुकतीच सोयरीक जुळली होती. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. सरकारकडं शिबिरं होती, खासगीकडं यंत्रं होती, आणि एकमेकांवर दोघांचाही काडीचा विश्वास नव्हता. काढलेला मोतीबिंदू कोणाच्या नावावर चढवायचा, यावर एका हॉटेलात दिवसभर बैठक झाली. जेवण उत्तम होतं. शेवटी ठरलं, की दोन्ही डोळे गेलेल्या माणसाचा उजवा डोळा सरकारचा आणि डावा खासगीचा. भावकीत जमिनीची होते तशी वाटणी झाली. जमिनीला कोणी विचारत नाही, तसं कमळाबाईलाही कोणी विचारलं नाही.

तिला मात्र दिसायलाच हवं होतं. एके काळी टाकळा न् कुर्डू ती लांबूनही ओळखायची. त्या पावसाळ्यात तिनं जुडीत भलताच पाला बांधला आणि अर्ध्या आळीला जुलाब लागले. पुढच्या बाजारी तिच्या पाटीकडं कुत्रंही फिरकलं नाही. नवरा कधीच गेलेला, मुलगा दत्तू द्राक्षांच्या कामाला निफाडकडं. भाजी गेली की कमळाबाईचं सगळंच गेलं.

उजवा डोळा सरकारी शिबिरात झाला. पट्टी सुटली आणि तिला सुनेच्या, यशोदाच्या, नाकातली फुली दिसली. म्हातारी हरखून गेली. पण होळीच्या सुमारास तोच डोळा लालभडक झाला, पाणी गळू लागलं, ठणका थांबेना. शिबीर तंबू गुंडाळून केव्हाच गेलं होतं. मार्चअखेर जवळ आल्यामुळं खासगी दवाखान्याची गाडी मात्र डाव्या डोळ्यासाठी दारात हजर झाली.

नाशकात डॉक्टर अश्विननी बॅटरी मारली, ती फक्त डाव्या डोळ्यात.

"आजी, छान पिकलाय. उद्याच काढू."

"अन् ह्यो? ह्यो ठणकतोय ना."

"तो आमच्याकडं येत नाही. तो सरकारी डोळा आहे."

"डोळा माझा हाय," कमळाबाई म्हणाली. तिनं पदरानं डावा डोळा बांधला आणि सरळ दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. "पयले ह्यो नीट करा, मंग त्यो घ्या."

डॉक्टरांचं धाबं दणाणलं. वर्षाचं उद्दिष्ट गाठायला त्यांना नेमका एक डोळा कमी पडत होता. सरकारी डोळ्याला हात लावावा, तर बिघडल्यावर आपल्यावर शेकणार. न लावावा, तर म्हातारी उठत नाही. त्यांनी सरकारी डॉक्टरांना फोन केला. ते तावातावानं आले आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं, की खासगीवाल्यांनी आपल्या डोळ्याला काही केलं तर नाही ना.

"टाका सैल झालाय," अश्विन म्हणाले.

"आमचा टाका सैल होत नसतो."

"मग तुम्हीच बघा."

सरकारी डॉक्टर वाकले. बराच वेळ बघत राहिले. "झालाय खरा," ते हळूच म्हणाले.

हॉटेलातल्या बैठकीत जे जमलं नव्हतं ते पायरीवर बसलेल्या एका म्हातारीमुळं जमलं. एकानं चूक कबूल केली आणि दुसऱ्यानं ती कागदावर आणली नाही. दोघांनी मिळून टाका काढला, औषध घातलं, आणि डोळा वाचला.

"आता डावा, आजी?"

"देते ना. पन ह्यो पुरता बरा व्हऊ द्या."

झालं! दर बाजारी दोघं एकाच जीपमधून हरसूलला येऊ लागले. आधी कमळाबाईचा उजवा बघायचे, डाव्याची विनवणी करायचे. मग आलोच आहोत तर म्हणून कोणाच्या पोराचा कान, कोणाचा खोकला बघायचे. शेजारच्या धोंडाबाईच्या पायाची जुनी जखमही त्यांच्याच हातानं भरत आली. वरच्या अहवालात आलं, की या भागात परस्परविश्वास वाढीला लागला आहे. अहवाल लिहिणारा हरसूलला कधी आला नव्हता, तरी ते खरं होतं.

मार्च गेला, नव्या वर्षाचं नवं उद्दिष्ट आलं, दुसरा पावसाळा आला. कमळाबाईची पाटी पुन्हा खपू लागली. यशोदा एकदा म्हणाली, "आत्या, द्या ना आता डावा. डागदर मानसं चांगली हायत."

"लय चांगली हायत." कमळाबाईनं जुडी उजव्या डोळ्याजवळ नेऊन पान न् पान तपासलं. "पन डावा दिला, का त्यांचं काम झालं. मंग धोंडाबाईचा पाय कोन बघंल?"