जाळीतला कापूस

हिरासिंग राठोड म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. पांढरकवड्याला हायवेवर माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि शेजारी त्याचं गॅरेज. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत तांड्यावर त्याच्या घरी कापूस नुसता पडून होता. त्याची बायको रुपीबाई त्यातलाच गॅरेजात पाठवायची, इंजिन पुसायला. मी टोकायचो, अरे, तंतू सुटतात.

"जीपले अन् ट्रॅक्टरले आजवर काही झालं काय?" तो विचारायचा. झालं नव्हतं, म्हणून मी आपला दुकानात परतायचो.

पद्मजाबाई गावातल्या शाळेत शिकवायच्या. एका दुपारी त्यांचे यजमान अनंतराव यांच्या छातीत कळ आली. त्यांना मागच्या सीटवर निजवून बाई स्वतः गाडी चालवत नागपूरला निघाल्या. पण गाडी वेगच घेईना. अनंतराव वाटेतच गेले. इतका सज्जन माणूस, फार वाईट वाटलं.

तेरावं झाल्यावर बाई गाडी घेऊन हिरासिंगकडे आल्या.

"हिरासिंगभाऊ, मला एकच सांगा. दोष गाडीत होता की माझ्यात? साकेत म्हणतो, आई, तू घाबरलीस, ॲक्सिलरेटर दाबलाच नाहीस. आता मलाही तसंच वाटायला लागलंय." साकेत त्यांचा मुलगा, पुण्याला असायचा.

बाईंना बाकावर बसवून आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. गावात ती गुणी लेकरासारखी चालली. हायवेवर मात्र कितीही दाबा, ढिम्म. या इंजिनात फेरे वाढले की ऑइलच्या दाबानं आतली एक पिन सरकते, व्हॉल्व्ह जास्त उचलले जातात आणि गाडी जोर धरते. इथे तसं काही होतच नव्हतं.

परत आल्यावर हिरासिंगनं ऑइल पाहिलं, ते पुरेसं होतं. ऑइलची वाट उघडणाऱ्या सोलेनॉइडला करंट दिला, तर तोही टक्क वाजला, म्हणजे चालू होता. मग त्यानं तो खोलला. मागच्या बारीक जाळीवर काळा, तेलकट कापूस घट्ट बसला होता, ऑइल पुढे जाणार कुठून?

हिरासिंगनं तो लगेच ओळखला. महिन्यापूर्वी ऑइल गळतं म्हणून त्यानंच तो सोलेनॉइड खोलला होता आणि ती जागा कापसानं पुसली होती. बाई घर ते शाळा एवढीच गाडी चालवायच्या, त्यांना कळणार कसं?

मी हळूच म्हटलं, "बाईंना कचरा होता म्हण. गेलेला माणूस काही परत येत नाही."

"अन् त्या बाईनं जनमभर सोतालेच दोष देत राहावं काय?" तो माझ्यावर खेकसला.

तो जाळी घेऊन बाईंसमोर उभा राहिला. "बाई, गाडी चालली नाही ते माह्या हातानं झालं. हा माह्या घरचा कापूस आहे."

बाईंनी जाळी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पाय पूर्ण दाबला होता?"

"दाबलाच असन, बाई. पण हा कापूस असताना गाडी पळालीच नसती."

बाई ओक्साबोक्शी रडल्या. डोळे पुसून त्यांनी मोबाईल काढला, साकेतचा नंबर लावला आणि हिरासिंगच्या हातात दिला.

"माझ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही. तुम्ही सांगा."

हिरासिंगनं सगळं सांगितलं, स्वतःच्या नावागावासकट, कापसासकट. तिकडून साकेत काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही. हिरासिंग मान खाली घालून नुसता "हो, भाऊ" म्हणत राहिला.