उसाच्या सरींमधले बटाटे

परवा आमच्या बेटावरच्या व्हाकोआ शहराच्या बाजारात टोपलीतल्या बटाट्यांना ओली तांबडी माती चिकटलेली होती. त्या वासासरशी साठच्या दशकातली एक सकाळ आठवली.

नुव्हेल फ्रांस गावात आमचे थोडे शेत होते आणि त्यात फक्त ऊस. नव्या लागणीच्या वर्षी सरींमधल्या मोकळ्या पट्ट्यांत आयेला बटाटे लावायचे होते. बाला, माझ्या वडिलांना, ते पटत नव्हते. बटाट्यांना आमच्याकडे पोमदेतेरही म्हणत.

"पोमदेतेर उसाचं खत खाऊन टाकतील. कारखान्यात बटाटे तोलतात काय?"

"आणि तुम्ही कालवणात ऊस घालता काय?" आये म्हणाली.

शेवटी बाने एक कोपरा दिला. ऊस खुरटला तर पुन्हा बटाट्याचे नाव काढायचे नाही, असे ठरले.

त्या सकाळी धुक्यात आम्ही बटाटे काढले. उसाची ओली पाती हाताला कापत होती. बा बटाट्यांकडे पाहत नव्हता. तो उसाला वीत लावत होता, आधी कोपऱ्यातल्या, मग पलीकडच्या. कोपऱ्यातला ऊस जास्त उंच होता. बटाट्यांना घातलेले खत आणि केलेली खुरपणी उसालाही लागू पडली होती.

तेव्हा मला वाटले, आये जिंकली. आज वाटते, वीत लावून पाहणाऱ्या बानेही त्या सकाळी काही गमावले नव्हते.

"वरच्या तुकड्यात आता नवी लागण आहे," बा आयेला म्हणाला. "बेणं ठेवलंस का?"

आयेने बारके, डोळेदार बटाटे आधीच पदराखाली वेगळे काढले होते.

"तुकडाभर पुरेल एवढं," ती म्हणाली.